पायांची जागा

"कृपया सरळ उभे राहा," यंत्र म्हणालं.

"तूच राहा," मैथिली शिंगटे म्हणाली.

यंत्राला उलट उत्तरं कळत नव्हती. त्यानं तितक्याच गोड आवाजात पुन्हा तेच सांगितलं. बाजूला तबस्सुम मुल्ला, म्हणजे मैथिलीची शाळेपासूनची मैत्रीण तब्बू, पोट धरून हसत होती. "अगं, त्याला तुझी उंची मोजायचीय. कायतरी कर की!"

मैथिलीनं व्हीलचेअरच्या दोन्ही टायरवर हात टेकवले आणि अंग वर उचललं. हे ती दिवसभर करायचीच. कमरेखाली काही जाणवत नसलेल्या माणसाला एका जागी फार वेळ बसून चालत नाही. कातडी दबते, तिथं रक्त पोचत नाही, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हातांवर अंग तोलायचं, मग ते लग्नाच्या पंगतीत असो की बँकेच्या रांगेत. यंत्राला यातलं काय ठाऊक असणार? ते म्हणालं, "सुंदर उडी! आता कृपया सरळ उभे राहा."

शेवटी तब्बूनं तो पट्टा स्वतःच्या डोक्याला लावला, स्वतः उभी राहिली, आणि यंत्राचं समाधान झाल्यावर मैथिलीच्या डोक्यावर चढवला. झालं. यंत्राच्या लेखी मैथिली शिंगटे आता दोन पायांवर उभी होती.

त्या पट्ट्याचं नाव सर्वांग. तोवर तो गावोगावी पोचला होता आणि कराडही त्याला अपवाद नव्हतं. कानशिलांपासून मानेपर्यंत बसणारा हा पट्टा तुम्ही हलायचा विचार केलात की तो विचारच वाचायचा. खरं अंग झोपेत असतं तसं शांत राहायचं, आणि खेळातलं अंग धावायचं. शिवाय मैदानाची माती, वारा, अंगाला झालेला स्पर्श हे सगळं तो उलट मेंदूला कळवायचा. या पट्ट्यावर घरबसल्या क्रिकेट खेळून खेळून लोकांना वीट आला, मग कुणाच्या तरी डोक्यातून आट्यापाट्यांची लीग निघाली. मैदानात आडव्या पाट्या, म्हणजे मातीतले अरुंद चर. दर चरात एक जण पाटी धरून उभा. त्यानं चर सोडायचा नाही. समोरच्या संघानं हुलकावण्या देत, अंगाला हात लागू न देता पाट्या ओलांडायच्या. आणि सगळ्या पाट्यांना मधोमध छेदून जाणारी एक लांब उभी पाटी. ती धरणारा तो सूर. तो मागून-पुढून कुठूनही येऊन हात लावतो, म्हणून सगळे त्याला वचकून असतात. तब्बूच्या संघाला नववा गडी मिळत नव्हता. घरची बेकरी आणि आई सोडली तर मैथिलीची संध्याकाळ मोकळी असते, हे तब्बूला ठाऊक होतं. तिनं मागे लागून लागून मैथिलीला तयार केलं होतं.

पहिल्या सामन्यात मैथिलीनं नुसता तमाशा केला. ती पुढे जायचा विचार करायची आणि खेळातली मैथिली जागच्या जागी उभी राहून दोन्ही हातांनी हवा मागे ढकलायची, कोंबड्या हाकलल्यासारखी. समोरचे लोक तिच्या पाटीवरून गप्पा मारत पलीकडे जायचे. संघाचं हसं झालं. मैथिलीला ते फार लागलं. हरायची तिला सवय नव्हती. बेकरीतल्या भट्टी आणि टेबलामधल्या चिंचोळ्या बोळातून मांडीवर बटरचे ट्रे घेऊन ती अशी सुटायची की नवे कामगार भिंतीला चिकटून उभे राहायचे.

आठवड्याभरातच कंपनीकडून फोन आला आणि पाठोपाठ पुण्याहून एक इंजिनिअर. निनाद गोळविलकर. बारीक, चष्मेवाला, आणि आल्या आल्या दोन खारी आणि एक क्रीम रोल संपवणारा. म्हणून आईला तो लगेच आवडला.

"तुमचं रीडिंग बघून आमचं अख्खं ऑफिस गोळा झालं," तो म्हणाला. "मेंदूत प्रत्येकाच्या शरीराचा एक नकाशा असतो. हाताची जागा ठरलेली, जिभेची ठरलेली, पायांची ठरलेली. पण हा नकाशा दगडावर कोरलेला नसतो, तो वापरानं बदलतो. आंधळ्या माणसाच्या नकाशात त्याची काठी शिरते. ट्रकवाला अरुंद पुलावरून जाताना स्वतःचे खांदे आवळतो ना, तसं."

"मग माझ्यात काय शिरलंय?"

"चाकं," निनाद म्हणाला. "पायांची जागा तुमच्या मेंदूनं चाकांना देऊन टाकलीय. रस्त्यावरचा खडा तुम्हाला चाकात टोचतो, बरोबर?"

मैथिलीनं विचार केला. टोचत होता की! तिला वाटायचं, सगळ्यांना तसंच होत असेल.

"आम्ही ते दुरुस्त करू शकतो," निनाद म्हणाला. "जुळणी म्हणतो आम्ही. रोज थोडा वेळ खेळायचं, पट्टा हळूहळू त्या जागेत पुन्हा पाय बसवेल. खरे पाय हलणार नाहीत हां, ती आशा नको. पण खेळात तुम्ही चालाल, धावाल. जमिनीचा स्पर्शही कळेल."

मैथिली लगेच हो म्हणाली. उगाच कशाला खोटं बोला? कॉलेजच्या पहिल्या वर्षी गाडीनं उडवलं तेव्हापासून तिनं कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं, पण धावावंसं तिलाही वाटत होतं. अगदी भरभरून वाटत होतं.

आणि जुळणी लागू पडली! तिसऱ्या आठवड्यात खेळातल्या मैदानावर तिच्या टाचेखाली गार माती आली आणि ती रडायलाच लागली. मग ती धावली. तब्बूनं तिला सूर केलं. उभ्या पाटीवरून ती वाऱ्यासारखी येरझाऱ्या घालायची, तिच्या हातून कुणी सुटायचं नाही. संघ जिंकायला लागला. कंपनीनं जाहिरात काढली: आधी रिकामी व्हीलचेअर, मग धावणारी मैथिली. चौकातल्या मोठ्या पडद्यावर ती दिवसभर धावत असायची.

आईचं, म्हणजे सुमनताईंचं, तर भानच हरपलं. त्या टीव्हीसमोर मांडी घालून बसायच्या आणि लेकीचे पाय बघायच्या. खेळ नाहीच, नुसते पाय. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. आणि मग एका दुपारी त्यांनी पेटीतला हापूस काढला, कापला आणि फोड तोंडात टाकली.

मैथिली बघतच राहिली. अपघातानंतर आईनं यमाईला नवस बोलला होता की पोर पायावर उभी राहीपर्यंत आंबा शिवणार नाही. घरात आमरस व्हायचा, आई वाढायची आणि स्वतः ताक-भात खायची. आंब्यावर जीव टाकणारी बाई!

"आई, ते खेळात गं," मैथिली हळूच म्हणाली.

"देवीला काय सांगितलं होतं मी? उभी राहू दे. कुठं ते सांगितलं नव्हतं," सुमनताई म्हणाल्या आणि कोय चोखायला लागल्या. "उद्या जाऊन ओटी भरून येते. साडी घेऊन ठेवलीय."

ओटी भरली गेली, नवस फिटला. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

पहिली ठोकर भट्टीखोलीच्या दाराला बसली. इतक्या वर्षांत मैथिलीनं त्या चौकटीकडे बघितलंसुद्धा नव्हतं, खुर्ची आपोआप जायची. त्या दिवशी बोटं चौकटीत सापडून सोलवटली. दुसऱ्या दिवशी दुकानापुढच्या उतारावर ती तिरकी गेली आणि एका गिऱ्हाइकाच्या पायावर चाक घातलं. फोन वाजला की ती उठायला जायची, खरंच उठायला, आणि पुढे कलंडायची. खुर्ची म्हणजे तिला आता जड लाकडी कपाट ढकलल्यासारखं वाटायला लागलं. थकवा असेल, ती म्हणाली. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल.

मग एका सकाळी आंघोळीनंतर तिनं नेहमीसारखा हातआरसा मागे धरून कातडी तपासली. नेहमीसारखा म्हणायचं, पण मधे बरेच दिवस ती हे विसरलीच होती. बैठकीच्या हाडावर लालसर-काळा डाग होता आणि मधोमध कातडी फाटलेली.

ती बघतच बसली. हातांवर अंग उचलणं तिनं शेवटचं केव्हा केलं होतं? आठवेना. पट्ट्यानं दिलेले ते पाय खेळ संपल्यावरही तिच्या डोक्यात आरामात पसरून बसलेले असायचे. सगळं ठीक आहे, असं ते मेंदूला सांगायचे. आणि मेंदू त्यांचं ऐकत होता.

डॉक्टरांनी खूप झापलं. "अजून आठवडाभर उशीर केला असतात तर हाडापर्यंत गेलं असतं. पोटावर झोपायचं. बसायचं नाही." मग महिनाभर मैथिली पलंगावर पालथी पडून उशीत तोंड खुपसून होती. तोंडाला पाण्याचा ग्लास लावायलाही आई लागायची. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं पडून राहायचं म्हणजे काय ते तिला त्या महिन्यात कळलं. जखम भरेल, पण चाकं परत आलीच नाहीत तर? मग हे असंच. कुणीतरी ढकललं तर हलायचं, कुणीतरी उचललं तर उठायचं. पडद्यावर मात्र रुबाबात धावायचं.

तिनं निनादला फोन लावला.

"दोन्ही का नाही राहू शकत? खेळात पाय, बाहेर चाकं?"

"जागा एकच आहे हो," निनाद म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आम्हाला वाटलं होतं, रिकामी जागा भरतोय. ती रिकामी नव्हती हे... आमच्या डोक्यातच आलं नाही."

"मला पाय नकोत. काढा ते."

"काढता येत नाहीत. जुळणी बंद करता येते. मग तुम्ही खुर्ची वापराल तशी चाकं परत येतीलही. कदाचित. आमच्याकडे चाचणीसाठी एक सोय आहे. ठरलेलं शरीर काढून टाकायचं. मग मेंदूतल्या नकाशात जे असेल तेच यंत्र चितारतं. कितपत परत आलंय ते तुम्हाला दिसेल."

जखम भरल्यावर मैथिलीनं त्या सोयीनं पहिल्यांदा खेळात डोकावून बघितलं. कमरेपर्यंत ती नीट होती. खाली धुरकट लगदा. त्यात गुडघ्यासारखं काहीतरी, मधेच आऱ्यांसारख्या रेघा. ना धड पाय, ना धड चाकं. तिनं पट्टा ओढून काढला.

त्याच संध्याकाळी तिनं आईला सांगून टाकलं.

सुमनताई आंबा कापत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे तू मुद्दाम पुन्हा बसणार?"

"मी बसलेलीच आहे, आई."

"चालत होतीस की! सगळ्या गावानं बघितलं. देवीनं दिलं आणि तू परत करतेस? तिला काय सांगू मी? आणि हा आंबा मी कोणत्या तोंडानं खाल्ला गं?"

"मिटक्या मारत खाल्लास. मला बरं वाटलं बघून."

"थट्टा करू नकोस!" आई ओरडली. डोळ्यांत पाणी होतं. "मी चौदा वर्षं त्या खुर्चीकडे बघून दिवस काढलेत."

"हो, खुर्चीकडेच बघितलंस!" मैथिलीचाही आवाज चढला. "मी बेकरी चालवली, कर्ज न काढता दुसरी भट्टी घातली, भावकीशी भांडून हे घर सांभाळलं, ते कशावर बसून? ती खुर्ची म्हणजे माझं आजारपण नाही. माझं अंग आहे ते. तुझ्या नवसासाठी मी पलंगावर पालथी पडून राहायची का जन्मभर?"

सुमनताईंनी चिरलेल्या फोडी तशाच सोडल्या आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या लेकीशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायचं, बाजूला ठेवायचं, आणि तोंड फिरवायचं.

मैथिलीनं चाकांचा ध्यास घेतला. पहाटे बेकरीच्या बोळात मागे-पुढे, मागे-पुढे. दुकानाच्या उतारावर. नदीकाठच्या खडबडीत रस्त्यावर, हात सोलवटेपर्यंत. चौकटींवर ठेचा खायच्या, शिव्या द्यायच्या, पुन्हा फिरायचं. लगदा थोडा थोडा निवळत होता, पण पूर्ण नाही. उजवं चाक बरंचसं दिसायला लागलं होतं. डावं अजून धुकंच.

अंतिम सामना आला तेव्हा तब्बू म्हणाली, "पायांनी खेळ म्हणणार नाही मी. पण ते अशी खेळायला देतील का तुला?"

"नाही दिलं तर बघू. सूर मीच."

मैथिली त्या धुरकट लगद्यासकट मैदानात उतरली आणि एकच गलका उडाला. समोरचा संघ कोल्हापूरचा, त्यांचा म्होरक्या यशराज भोसले, अंगानं शिडशिडीत, हुलकावणीत पटाईत. त्यांच्या व्यवस्थापकानं लगेच हरकत घेतली. पंच म्हणून लीगनं नेमलेले एक वयस्कर गृहस्थ होते, घाटगे नावाचे. ते जवळ आले आणि त्या लगद्याकडे संकोचानं बघू लागले.

"सुराचे पाय पाटीत हवेत. हे... हे पाय आहेत का?"

"यंत्राला विचारा," मैथिली म्हणाली.

पाय पाटीत असले की पाटीच्या कडेला हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला होता. यंत्राला नियमांशी देणं-घेणं नव्हतं. मेंदूतल्या पायांच्या जागेतून जे आलं ते त्याच्या लेखी पाय.

घाटगे गडबडले. मग कानात कुणीतरी काही सांगितलं असावं, कारण त्यांचा स्वर बदलला. "तरीही कंपनीचं म्हणणं आहे की प्रमाणित शरीर हवं. तुमचं ते तयार आहे. धावता तुम्ही त्यात, मी पाहिलंय. पाच मिनिटांत बदलून या, नाहीतर पाटी सोडा."

"त्या प्रमाणित शरीरानं मला महिनाभर पालथं पाडलं होतं, साहेब. जखम दाखवू का लीगला? यापुढे मैदानात मी येईन ती अशीच येईन. पाटी सोडत नाही."

"मग संघ बाद करावा लागेल."

आठ जणांची वर्षभराची मेहनत होती. तिनं मागे बघितलं. तब्बू आपल्या पाटीतून तिच्याकडेच बघत होती. मग तब्बूनं बसकण मारली. चरातच, मांडी घालून. "करा बाद," ती ओरडली. "आमचा सूर ठरलाय!" तिच्या मागचा बसला, त्याच्या मागची बसली. बघता बघता सगळ्या पाट्यांमधून माणसं खाली बसली. प्रेक्षकांत आधी हशा, मग शिट्ट्या.

घाटगे चष्मा पुसत उभे राहिले. तेवढ्यात यशराज भोसले पुढे आला. "साहेब, खेळू द्या की. हिला चुकवून गेलो नाही तर ट्रॉफी घरी कोणत्या तोंडानं नेऊ? निकालाचं मागनं बघा."

"हरकत नोंदवून घेतो," घाटगे म्हणाले. आणि हळूच, फक्त मैथिलीला ऐकू जाईल असं, "खेळा, बाई."

शिट्टी झाली.

पहिला डाव कोल्हापूरकरांनी ओरबाडून नेला. मैथिली डावीकडे वळायला जायची आणि तो डावा धुरळा तिला दगा द्यायचा. ती सरळ जाऊन थांबायची, आणि माणूस मागून निसटायचा. एक गेला, दुसरा गेला. लोक कुजबुजायला लागले. तिच्या मनातही येऊन गेलं, एका बटणाची तर गोष्ट आहे. पाय घे आणि धाव. संघ जिंकेल, आई बोलेल, चौकातला पडदा पुन्हा पेटेल. ते बटण तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

निर्णायक डावात यशराज शेवटच्या पाट्यांकडे आला. उजवीकडे झुकला, थबकला, तिच्याकडे बघून हसला. मैथिलीनं हात चाकांवर ठेवले. ती त्याच्या खांद्याकडे बघत राहिली आणि विचार करायचा सोडला.

इकडे घरात, पट्टा लावून बसलेल्या मैथिलीच्या शेजारच्याच खोलीत, टीव्हीपुढच्या सतरंजीवर, कितीतरी दिवस लेकीशी अवाक्षर न बोललेली एक बाई गुडघ्यांवर उठून बसली होती. पट्टा कानांवर असला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, असं कंपनी म्हणते. कंपनीनं सुमनताईंचा आवाज ऐकला नव्हता.

"मैथे, डावीकडून निघालाय मेला! चाक आवळ! वळ, वळ!"

हातांनी मैथिलीला काही विचारलं नाही. डावी मूठ आवळली, उजवी सुटली. धुरळ्यातून आऱ्या उमटल्या, रिमची गार कड तळहाताला लागली, आणि मातीतला एक बारीक खडा तिला चाकात स्वच्छ टोचला.

आणि मैथिली वळली.